तोंड वर करून पडलेलं फूल

देझाकी इत्सुयो पंधराव्या वर्षी परीक्षेत पडल्या, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायची नसते हे त्यांना जन्मात कळलं नाही. माझ्या खुर्चीत केस कापायला बसल्या की शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईलाही सांगायच्या, "मी पडलेली आहे हं. हायस्कूलच्या प्रवेशाला. अख्ख्या उकिनोउरातून मी एकटी." ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंना कुठे पदक मिळालंय.

मी कुझुशिमा मिसाओ. बंदराच्या चढावर माझं केस कापायचं दुकान आहे. गोतो बेटांवर माणसं कमी आणि वारा फार, त्यामुळे केस सगळ्यांचेच विस्कटतात आणि सगळ्याच बायका कधी ना कधी माझ्यापुढे मान वाकवतात. इत्सुयो-सान तेवढ्या वाकवत नसत. "मान थोडी खाली घ्या ना," म्हटलं की म्हणायच्या, "तू स्टुलावर चढ."

त्या परीक्षेत पडल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी नातेवाइकांसमोर म्हटलं, "पडलेल्या पोरीनं पडलेल्या बिया वेचाव्यात." बाप असून जिव्हारी लागेल असंच बोलला. दुसऱ्या दिवशी पोरीची रवानगी काकांच्या तेलाच्या घाण्यावर झाली. आमचं तेल त्सुबाकीचं. हिवाळ्यात डोंगरभर लाल फुलं आणि शरदात झाडाखाली काळ्या बिया. त्या वेचायच्या, वाळवायच्या, उखळात कुटायच्या, वाफवायच्या आणि मग घाण्यात दाबायच्या. पोरगी पंधराव्या वर्षी जी वाकली ती पाठीला बाक येईपर्यंत बिया वेचत राहिली. पण तिनं पहिल्याच फेब्रुवारीत एक गोष्ट पाहिली. त्सुबाकीचं फूल पाकळी पाकळी होऊन झडत नाही, अख्खंच्या अख्खं टप्पकन खाली येतं. आणि झाडाखाली शेकडो फुलं पडलेली असली तरी बहुतेकांचं तोंड आभाळाकडेच असतं. गावातल्या प्रत्येकानं हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. मीही पाहिलं होतं. पण त्यावरून चालायचं एवढंच मला सुचलं होतं.

इत्सुयो-सान मुसळाच्या ठेक्यावर गायला लागल्या:

पडलं, पडलं, पडलं गं, लाल फूल पडलं,
खाली मान घालायचं त्याला नाही जमलं.

वीसेक वर्षं हे गाणं घाण्याच्या चार भिंतींतच होतं. मग एका हिवाळ्यात नागासाकीच्या दारूच्या गुत्त्यांमधून गिटार वाजवत फिरणारा इवानागा नावाचा माणूस आमच्या उत्सवाला आला आणि वाऱ्यामुळे बोट चार दिवस सुटली नाही. घाण्याच्या शेजारच्या खानावळीत तो पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवर टकटक केली.

"ताई, हे गाणं कुणाचं?"

"माझं. का, झोपमोड होते?"

"झोप गेली खड्ड्यात. पुढचं कडवं म्हणा."

त्यानं ओळींना चाल नीट बांधून दिली, मध्ये गिटारचे तुकडे घातले, आणि वसंतात इत्सुयो-सानना नागासाकीला नेऊन तबकडी काढली. पाचशे प्रती. नागासाकीत तिला कुणी विचारलं नाही, पण बेटावर ती घरोघरी पोचली, कारण तेलाची बाटली घेणाऱ्याच्या हातात इत्सुयो-सान तबकडीही कोंबायच्या. नको म्हणायची सोय नव्हती.

आता हे गाणं कुठे म्हणायचं याला आमच्याकडे जागा ठरल्या. लग्नात नाही, इस्पितळात तर नाहीच. आजाऱ्याच्या उशाशी त्सुबाकीचं फूल ठेवलं तर त्याचे नातेवाईक तुम्हाला जिन्यावरून ढकलतील; मुंडकं उडाल्यासारखं पडणारं फूल ते. पण होडी बुडाली, दुकान बसलं, बायको माहेरी निघून गेली, की माणूस बारमध्ये जाऊन हेच गाणं मागायचा. त्याला साथ करायला चार अजून पडलेले असायचेच. बाकीची फुलांची गाणी आम्ही रेडिओवर ऐकायचो आणि डोळे पुसायचो. हे एक गाणं म्हणताना मात्र टेबलावर मूठ आपटायचो.

मग एका वर्षी नगर कार्यालयानं टूम काढली. गावातले भोंगे रोज संध्याकाळी पाच वाजता मुलांना घरी बोलावायला एक सूर वाजवतात. सगळ्या देशात वाजतो तोच. आपल्या गावाचं आपलं गाणं हवं, म्हणून चिठ्ठ्या टाकायला सांगितलं, आणि पेटी उघडली तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर इत्सुयो-सानचं गाणं. ऑक्टोबरात पहिल्या दिवशी पाच वाजता त्या माझ्या दारात उभ्या होत्या. तबकडीतला, अडतिसाव्या वर्षीचा त्यांचा आवाज डोंगरावरून घुमत बंदरावर उतरला. इत्सुयो-सान तेव्हा चौसष्टच्या. "बाई गं, केवढी किंचाळायचे मी," असं म्हणून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "बाबांनी ऐकायला हवं होतं," म्हणाल्या. मलाही रडू आलं.

हे सुख डिसेंबरपर्यंत टिकलं.

माझी नात कोनोमि त्या वर्षी प्रवेश परीक्षेला बसणार होती, आणि तीही बेटावरच्या नव्हे, नागासाकीच्या मोठ्या हायस्कूलला. आमच्या घरातून आजवर नागासाकीला गेलं ते फक्त मासे. परीक्षा असलेल्या घरात 'पडणं' हा शब्द उच्चारायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फूल पडतं, माणूस होडीतून पडतो, उमेदवार निवडणुकीत पडतो आणि मूल परीक्षेत पडतं, सगळ्याला शब्द एकच. आता माझा धंदा बघा. दिवसभर केस पडतात, पिना पडतात, कात्री पडते. तीन महिने मी म्हणत होते, "केस खाली आले," "कात्री खाली बसली." गिऱ्हाइकं हसायची. एकदा बर्फ पडायला लागला तर मी म्हटलं, "बर्फ आलाय."

आणि मी एवढी जीभ चावून बसलेली असताना रोज पाचला, पोरगी पुस्तक उघडून बसली की, डोंगरावरून ठणाणा: पडलं, पडलं, पडलं गं!

परीक्षा असलेल्या मुलांच्या आयांनी अर्ज लिहिला. हा शब्द आमच्या मुलांच्या कानावर रोज रोज नको. त्याखाली बोटवाल्या मंडळींनीही नावं घातली, त्यांनाही तो शब्द समुद्रावर चालत नाही. नगराध्यक्षांची एप्रिलमध्ये निवडणूक होती, त्यांनी अर्ज कसा हसतमुखानं घेतला असेल ते सांगायला नको. (एप्रिलमध्ये ते पडलेच. त्याचं कारण गाणं नव्हतं, बंदरावरचा नवा धक्का होता, पण ते अजून गाण्यालाच दोष देतात.) त्या अर्जावर मीही सहीच्या जागी माझ्या नावाचा लाल शिक्का मारला. तीस वर्षांची मैत्रीण, तिचं तेल माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्याला, आणि मी शिक्का मारला. इत्सुयो-सानना सांगितलं मात्र नाही.

सांगायची वेळ माझ्या दुकानातच आली. इत्सुयो-सान पर्मला बसल्या होत्या, डोकंभर गुंडाळ्या, वर औषध लावलेलं, म्हणजे अर्धा तास हलायची सोय नाही. तेवढ्यात नगर कार्यालयाचे मुकाए-सान आत आले. हातात कास्तेला केकचा खोका आणि काखेत फाईल. हा माणूस लहानपणी इत्सुयो-सानच्या घाण्यावरून बिया चोरून गलोलीत घालायचा.

"देझाकी-सान, घरी गेलो होतो, इथे आहात म्हणाले," म्हणून त्यांनी खोका पुढे केला.

"खोका जड दिसतोय. काम वाईट असणार," इत्सुयो-सान आरशातूनच म्हणाल्या.

"छे छे, अगदी किरकोळ. एकच शब्द. 'पडलं'च्या जागी 'फुललं' केलं तर? चाल तशीच. मीटरमध्येही बसतं. मी म्हणून पाहिलं."

"म्हण बघू."

मुकाए-सान पन्नाशीचे, टाय लावलेले. घसा साफ करून त्यांनी खरंच म्हटलं:

"फुललं, फुललं, फुललं गं, लाल फूल फुललं, खाली मान घालायचं त्याला नाही जमलं."

"अरे गाढवा," इत्सुयो-सान म्हणाल्या, "जे फुललंय ते कशाला मान खाली घालेल? त्यात काय मोठेपणा? फुललेल्याला सगळं जग डोक्यावर घेतं. पडल्यावर जो वर बघतो त्याचं गाणं आहे हे."

"पण मुलांच्या मनावर परिणाम—"

"माझ्याही मनावर झाला होता. पडले त्या दिवशी बाबा एकदाच काय ते बोलले, मग आमच्या घरात तीन महिने तो शब्द कुणी काढला नाही. बोलायचे तेव्हा कुजबुजायचे. मी खोलीत आले की गप्प. पडण्याचं काही नाही वाटलं रे मला, त्या गप्प बसण्यानं मेले मी." त्यांनी हात पुढे केला. "आण ती फाईल. कोण कोण आहेत बघू दे."

मुकाए-सानना नाही म्हणवेना. इत्सुयो-सान चष्मा लावून एकेक लाल शिक्का बोटानं वाचत गेल्या. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"मिसाओ, हा शिक्का तुझा ना?"

"हो."

मुकाए-सान कॅलेंडर बघायला लागले.

"पुसट उमटलाय," त्या म्हणाल्या. "मारायचा तर नीट दाबून मारावा."

मला वाटलं त्या उठून जातील. पण डोकं माझ्या हातात होतं आणि पर्म अर्धा झाला होता. उरलेली वीस मिनिटं आम्ही तिघंही त्या शिक्क्याकडे बघत बसलो. जाताना त्यांनी मुकाए-सानना सांगितलं, "शब्द मी लिहिलेत. एकही बदलणार नाही. लावायचं तर तसंच लावा, नाहीतर काढा." आणि केकचा खोका मात्र काखोटीला मारून घेऊन गेल्या.

कार्यालयानं त्यातून वाट काढली. शब्द इत्सुयो-सानचे असले तरी चाल इवानागाची, तो मेला होता आणि त्याच्या मुलाची काही हरकत नव्हती. नवीन वर्षापासून भोंग्यातून नुसती गिटार वाजायला लागली. शब्द गेले. आया खूश, बोटवाले खूश, नगराध्यक्ष खूश. मीही खूश व्हायला हवं होतं.

चार जानेवारीला पाच वाजता गिटार सुरू झाली आणि मी दुकानाच्या काचेतून पाहिलं, तर बंदराच्या भिंतीवर इत्सुयो-सान उभ्या. घाण्यावरचा एप्रन, गळ्यात टॉवेल, दोन्ही हात कमरेवर. आणि तोंड वर करून गातायत. पडलं, पडलं, पडलं गं! चौसष्टाव्या वर्षीचा आवाज अडतिसाव्यापेक्षा खरखरीत होता आणि जास्त लांब जात होता.

कार्यालयानं सगळ्या गावाचा कराओके करून ठेवला होता. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घाण्यावरच्या दोघी बायका बरोबर आल्या. आठवड्याभरानं माशांच्या कारखान्यातली पाळी सुटून येणाऱ्या बायका थांबायला लागल्या. मग बारमधले जुने पडलेले गडी. मुकाए-सान एकदा सांगायला गेले, तर इत्सुयो-सान म्हणाल्या, "तुमचा भोंगा तुम्ही वाजवा. माझं तोंड माझं आहे." नगराध्यक्ष कुठेतरी बोलले, "फार तोंड वर करून बोलते ही बाई." ते दुपारी बोलले, संध्याकाळपर्यंत इत्सुयो-सानच्या कानावर. "मग?" त्या म्हणाल्या. "पडलेलं फूल आहे मी. तोंड वरच असणार."

मी पाचच्या ठोक्याला दुकानाचं दार लावून घ्यायची. वर अभ्यासाच्या खोलीची खिडकीही लावायची. मी खाली आले की कोनोमि ती उघडायची.

"लावलेली राहू दे ना गं," मी म्हणायची.

"आजी, गुदमरायला होतं."

"तो शब्द—"

"कुठला शब्द?" ती माझ्याकडे रोखून बघायची. मी तो उच्चारणार नाही हे तिला माहीत होतं. "आजी, घरात सगळे इतके जपून बोलतात की मला वाटतं मी पडलेच आहे."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरगी हसली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कटलेट खाऊ घातलं, कारण आमच्या भाषेत त्याच्या नावात 'जिंकणं' आहे, चर्चमध्ये मेणबत्ती लावली, देवळातून ताईत आणला. आमच्याकडे देवांचं आपसात भांडण नाही. मार्चच्या मधल्या आठवड्यात निकाल होता. तिचे आईबाप मासेमारीत अडकलेले, मी येते म्हटलं तर म्हणाली, "एकटीच जाते." सकाळी दहाला नागासाकीहून फोन आला.

"आजी, फळ्यावर माझा नंबर नाही."

"नीट बघितलंस?"

"तीनदा बघितलं. येते दुपारच्या बोटीनं." आणि फोन ठेवला.

अकरा वाजेपर्यंत सगळ्या गावाला कळलं. कसं कळतं ते मला विचारू नका. एरवी ते माझ्याच दुकानातून कळत असतं. त्या दिवशी जेवढी गिऱ्हाइकं आली तेवढी सगळी हळू आवाजात बोलली. हवा कशी आहे, समुद्र कसा आहे. कोनोमिचं नाव कुणी काढलं नाही. कात्री पडली तर एकीनं ती उचलून देताना "खाली बसली बघा," म्हटलं, माझाच शब्द मला परत.

बोट पावणेपाचला येते. म्हणजे पोरगी बोटीच्या जिन्यावरून उतरेल आणि नेमकी गिटार सुरू होईल. समोर भिंतीवर ती वीसपंचवीस माणसं, आणि तो शब्द. मी साडेचारला दुकान बंद केलं आणि एप्रनवरच धक्क्यावर गेले. इत्सुयो-सान टॉवेल गळ्यात टाकून उभ्याच होत्या. डिसेंबरपासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"इत्सुयो-सान," मी म्हटलं, "शिक्का मारला त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. पण आज तेवढा एक शब्द खाऊन टाका. पाया पडते तुमच्या. पोरगी उतरतेय."

त्या नकार देतील याची मला खात्री होती, आणि दिला असता तर मी भांडायला तयार होते.

"पन्नास वर्षांत कुणासाठी गिळला नाही," त्या म्हणाल्या. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाल्या, "आज तो शब्द नाही. ओठ मिटून म्हणायचं."

बोट लागली. माणसं उतरायला लागली. शाळेचा गणवेश, हातात पिशवी, कोनोमि सगळ्यात शेवटी जिन्यावर आली. मान खाली. तेवढ्यात भोंगे खरखरले आणि गिटार सुरू झाली.

भिंतीवरच्या लोकांनी गायला सुरुवात केली. "हं, हं, हं गं, लाल फूल हं..."

आयुष्यात इतकं घाण गाणं मी ऐकलं नाही. पंचवीस माणसं ओठ मिटून गुणगुणतायत, आणि सगळ्यांचे डोळे एका पोरीवरून हळूच बाजूला. मयताला आल्यासारखी माणसं. आणि ही सगळी व्यवस्था मी केली होती, माझ्या लाडक्या नातीसाठी.

कोनोमि जिन्याच्या मध्यावर थांबली. मान वर केली.

"इत्सुयो आजी!" ती ओरडली. "शब्द कुठे गेला?"

गिटार पुढे गेली. इत्सुयो-सान भिंतीच्या कडेपर्यंत पुढे आल्या.

"मी पडले म्हणून गिळला ना?" कोनोमिचा आवाज फाटला. "रोज म्हणता, आणि आज मी खरंच पडले तर गप्प?"

भोंग्यावर गाणं दोनदा वाजतं. मधली गिटार संपत आली होती. कोनोमिनं पिशवी जिन्यावर ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले, आणि दुसऱ्या खेपेला सूर आला तसा तिनं तो शब्द फेकला. बेसूर, रडका, आणि एवढा मोठा की बोटीवरचा खलाशी दोर सोडून बघायला लागला.

पडलं, पडलं, पडलं गं!

इत्सुयो-साननी टॉवेलनं डोळे पुसले आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला. मग सगळ्यांनी. आणि मग माझ्याही तोंडून तो शब्द निघाला, तीन महिने दातांमागे दाबून ठेवलेला. पहिला पुसट निघाला, दुसरा फुटका आला. तिसरा मी छातीतून ओरडले, माझ्या नातीकडे बघत, तीही माझ्याकडे बघत.

गिटार थांबल्यावर इत्सुयो-सान माझ्या कानाशी वाकल्या.

"मिसाओ," त्या म्हणाल्या, "आता नीट उमटला."